साठीपुढच्या मित्रमंडळीने पावसात लोहगड कसा करावा

साठी-सत्तरी ओलांडलेल्या मित्रांसह भर पावसाळ्यात गड पाहायचा असेल, तर मी नेहमी मावळातील लोहगड सुचवतो. त्याची उंची सुमारे १,०३३ मीटर असली, तरी पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते आणि तेथून महादरवाजापर्यंत दगडी पायऱ्या आहेत, त्यामुळे ओल्या कातळाला धरून चढण्याची वेळ येत नाही. मात्र पायऱ्या आहेत म्हणून गड सोपा, असे समजून कोणी निघू नये. या वयात चढ दम काढतो, पण पाय घसरतो किंवा मुरगळतो तो बहुधा उतरताना, थकलेल्या गुडघ्यांवर. म्हणून दिवसाची आखणी उतरायला लागण्याच्या वेळेपासून मागे मोजत करावी. भर दुपारी, साधारण एक वाजता उतरायला लागायचे असे आदल्या दिवशीच सर्वांनी मिळून ठरवावे, आणि तोपर्यंत कुठेही पोहोचलेलो असलो तरी तेथून मागे वळावे.

जुलैत मावळात पाऊस अक्षरशः कोसळतो आणि गडावर धुके व वारा इतका असतो की चार पायऱ्यांपलीकडचे दिसत नाही. ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सरी थांबून थांबून येतात, सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, आणि आपल्या वयाच्या लोकांना तोच काळ मानवतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर बेत सरळ पुढे ढकलावा. शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावेत, कारण त्या दिवशी अरुंद पायऱ्यांवर तरुणांची एवढी दाटी होते की आपल्या गतीने पाऊल टाकताच येत नाही, आणि मागून येणाऱ्याचा धक्का हाच खरा धोका ठरतो. पुण्याहून लोणावळा लोकलने आल्यास मळवली स्थानकावर उतरावे. तेथून भाजे गावावरून लोहगडवाडीपर्यंत चालत जाणे रम्य आहे, पण त्यातच दीड-दोन तास आणि गुडघ्यांची निम्मी ताकद खर्च होते, म्हणून हा टप्पा वाहनानेच करावा. दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, तेव्हा परतीचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

तयारीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट औषधांची आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्या दिवशी ती गोळी केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नये. वारंवार जावे लागेल या संकोचाने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे आणि त्याबद्दल गटात आधीच मोकळेपणाने बोलावे असे मला मनापासून वाटते, कारण पावसात तहान जाणवली नाही तरी रेनकोटच्या आत घाम येतच असतो. मधुमेहींनी नाश्ता केल्याशिवाय निघू नये. रक्तातील साखर उतरली की अंग थरथरते आणि गार घाम फुटतो, आणि भिजलेल्या माणसाला ही थंडीच वाटते; म्हणून कोणी थरथरू लागल्यास त्याला मधुमेह आहे का हे आधी आठवावे, आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर ताबडतोब ग्लुकोज पावडर किंवा साखर द्यावी. लोणावळ्याची चिक्की खिशात असली तरी ती या कामाची नाही, कारण ती चावायला वेळ लागतो आणि कवळी असलेल्यांना तर चावतच नाही. गोळ्या आणि श्रवणयंत्राची डबी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, आणि प्रत्येकाच्या औषधांची नावे व घरच्यांचा फोन क्रमांक लिहिलेला कागद त्याच्याच खिशात असावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर संकटात ११२ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत.

सुती कपडे आणि जीन्स भिजल्यावर जड व गार होतात, म्हणून लवकर वाळणारे कपडे घालावेत. छत्रीने एक हात अडकतो आणि सैल पोंचो वाऱ्याने फुगून पायांखालची पायरी झाकतो, म्हणून अंगाबरोबर बसणारा रेनकोट बरा. चष्मा लावणाऱ्यांनी पुढे झाप असलेली टोपी घालावी. कोरड्या कपड्यांचा एक जोड लोहगडवाडीत, जेथे पिठलं-भाकरी सांगून ठेवली असेल त्या घरी, ठेवून जावा.

चढताना सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि त्याच्या पुढे कोणीही जाऊ नये. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने येतात, तेव्हा प्रत्येक दरवाजाच्या कमानीखाली थांबून श्वास पूर्ववत होऊ द्यावा. बोलताना धाप लागत असेल, तर अजून निघण्याची वेळ झालेली नाही असे समजावे. छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर ते लपवू नये आणि चढाई तेथेच थांबवावी. वर लक्ष्मीकोठी ही खडकात कोरलेली गुहा आणि नाना फडणवीसांनी बांधलेले सोळा कोनांचे तळे पाहावे. विंचूकाटा, म्हणजे गडाची लांब अरुंद सोंड, मात्र वरूनच पाहावा, कारण त्या सोंडेवर जाण्यासाठी खडकाळ टप्पा उतरावा लागतो आणि तो पावसात आपल्यासाठी नाही.

उतरताना काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. प्रत्येक पायरीवर आधी काठी, मग दुखरा पाय आणि शेवटी चांगला पाय टेकवावा. चढताना याच्या उलट, चांगला पाय आधी. भिंतीलगतच्या हिरव्या-काळ्या शेवाळावर पाऊल ठेवू नये. बोलायचे किंवा छायाचित्र काढायचे असेल तर पूर्ण थांबावे. आमच्या गटातील एक जण चालता चालता धुक्यातून दिसलेला पवना जलाशय दाखवायला वळला आणि मनगट मोडून बसला, तेव्हापासून हा नियम आम्ही कधीही मोडलेला नाही.

वाडीत पोहोचल्यावर आधी कपडे बदलावेत, मग चहा घ्यावा. पायांवर खरचटले असल्यास साबणाने धुऊन जंतुनाशक लावावे, कारण वाटेवरच्या चिखलात गुरांचे मलमूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा) संसर्ग होऊ शकतो. पुढच्या महिनाभरात, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, कोणाला ताप आला किंवा पोटऱ्या फार दुखू लागल्या, तर डॉक्टरांकडे जावे आणि आपण पावसात गडावर चिखलातून चाललो होतो हे त्यांना आवर्जून सांगावे.