तेलाचे जुने करार कसे वाचायचे? आधी उचल किती ते बघा

आखातातल्या तेलाचा इतिहास वाचायला घेतला की दोनचार दिवसांत माणूस मूळ करारांपर्यंत येतो आणि तिथेच अडकतो, कारण कलमं भरपूर, भाषा वकिलांची, आणि आकडे कधी पौंडात, कधी सोन्याच्या पौंडात तर कधी चक्क रुपयात. मी स्वतः सुरुवातीला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो आणि हाती काहीच लागायचं नाही. आता जसं वाचतो तसं सांगतो, तुम्हाला जमेल ते घ्या.

पहिलं म्हणजे तेलाचा भाव, टक्केवारी, मुदत हे सगळं सोडा आणि सरळ उचलीचं कलम शोधा. उचल म्हणजे आपल्याकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून सीझनच्या आधी जी घेतो तीच, आधी पैसे घ्यायचे आणि मग कामातून फेडायचे. करारात याला कर्ज किंवा आगाऊ रक्कम म्हणतात, पण शेख किंवा राजा सहीला का बसला ते याच कलमात कळतं. तेल निघेल की नाही हे तेव्हा कंपनीलाही माहीत नसायचं, मग राजाला कुठून असणार. त्याला आज रोकड हवी असायची.

सौदी अरेबियाचा करार घ्या, २९ मे १९३३, जेद्दा. मंदीमुळे हाजींची संख्या लाखाच्या वर होती ती वीसेक हजारांवर आली होती (मुंबईहून जाणारी जहाजंही यातच आली) आणि तिथला राजा इब्न सौद, त्याचा खजिना मुख्यत्वे त्याच उत्पन्नावर चालायचा. म्हणून अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलच्या वकिलाशी, लॉइड हॅमिल्टनशी, घासाघीस करत होता ती रॉयल्टीपेक्षा (म्हणजे निघालेल्या तेलावर टनामागे सरकारला मिळणाऱ्या रकमेपेक्षा) जास्त आगाऊ सोन्यावर. सुरुवातीची मागणी एक लाख सोन्याचे पौंड, ठरलं ते तीस हजार कर्ज, पाच हजार वर्षाचं भाडं, आणि दीड वर्षाने अजून वीस हजार कर्ज. आता हे कर्ज फेडायचं कसं ते वाचा, खरी गंमत तिथे आहे. सरकारवर परत करायचं बंधनच नाही, तेल निघालं तर कंपनीने रॉयल्टीच्या अर्ध्या भागातून कापून घ्यायचं, नाही निघालं तर कंपनीचे पैसे बुडाले. आपल्या ऊसतोड कामगाराला असं कलम कोणी दिलं असतं का? तिथे तर उचल फिटेपर्यंत पुढचा सीझन गळ्यात. म्हणजे कर्ज हा शब्द दिसला की लगेच 'बिचारा राजा, सावकाराच्या तावडीत सापडला' असा निष्कर्ष काढू नका, फेडीची अट वाचून मगच बोला.

दुसरं काम, चलन. यात मी बराच वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण इथे आकडे उघड खोटं बोलतात. एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकेने सोन्याचा नाद सोडला, म्हणजे डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली, सोनं देशाबाहेर न्यायला बंदी आली, आणि करार तर सोन्याचा. अमेरिकन सरकारने परवानगी नाकारली तेव्हा कंपनीने लंडनहून ३५,००० सोन्याची नाणी विकत घेतली, जहाजाने जेद्दाला पाठवली आणि ऑगस्टमध्ये तिथल्या डच बँकेत ती टेबलावर मोजून दिली. पस्तीस का? तर तीस कर्जाची आणि पाच भाड्याची. असा हिशोब जुळला की समजायचं आपण करार बरोबर वाचतोय.

आता कुवेत. २३ डिसेंबर १९३४ ची सही, मुदत ७५ वर्षं, आणि रक्कम चार लाख पंचाहत्तर हजार रुपये. हो, आपलेच रुपये, आखातात तेव्हा तेच चालायचे आणि पुढे १९६० च्या दशकापर्यंत चालत राहिले. तेव्हा रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स (बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड), म्हणजे एका पौंडाचे तेरा रुपये आणि वर पाच आणे चार पै, तर भागाकार करा, ३५,६०० पौंडांच्या आसपास येतात. रॉयल्टी टनाला ३ रुपये, म्हणजे साडेचार शिलिंग. सौदीला टनाला चार शिलिंग. वरवर बघितलं तर कुवेतच्या शेख अहमदने बाजी मारली असं वाटतं ना? पण सौदीचे शिलिंग सोन्याचे होते आणि १९३४ मध्ये सोन्याचा पौंड कागदी पौंडाच्या दीडपटीहून महाग होता. म्हणजे बाजी उलटी. हे न करता जे दोन कॉलमचे तक्ते बनवतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरं, जमीन नेमकी कोणाची हे कागदावरून ठरवू नका. याचं उत्तम उदाहरण इराणमधलं आहे आणि माझं आवडतं पण तेच. १९०१ मध्ये शहाने विल्यम नॉक्स डार्सीला ६० वर्षांची सवलत, म्हणजे तेल शोधायचा आणि काढायचा हक्क दिला, वीस हजार पौंड रोख, तेवढ्याचेच शेअर्स आणि निव्वळ नफ्यातले १६ टक्के. त्यातलं तिसरं कलम जमिनीचं. सरकारी पडीक जमीन फुकट, लागवडीखालची असेल तर चालू भावाने विकत, खाजगी मालकाने भाव वाढवून मागायचा नाही, आणि पवित्र स्थळांच्या भोवतालची जागा वगळायची. वाचून वाटतं झालं, मिटलं. पण तेल जिथे शोधत होते तो डोंगराळ मुलुख बख्तियारी खानांचा, तेहरानचा शिपाई तिथे जायलाही बिचकायचा. मग १९०५ मध्ये खानांशी वेगळा करार करावा लागला, पहाऱ्यासाठी वर्षाला २,००० पौंड आणि तीन टक्के शेअर्स. तेहरानने तो करार मान्यच केला नाही. आणि ते तीन टक्के कोणत्या कंपनीचे हे बघा बरं का, बख्तियारी मुलुखात काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांचे, वरच्या अँग्लो-पर्शियन या मोठ्या ब्रिटिश तेल कंपनीचे नाहीत. टक्का दिसला की 'कशाचा टक्का' हे विचारायचंच, इराणचे ते १६ टक्केही 'निव्वळ नफा म्हणजे काय' यावर वर्षानुवर्षं भांडणात राहिले आणि म्हणूनच पुढचे करार टनावर गेले. पहारेही शेवटी पुरले नाहीतच, १९०७ च्या सुमारास बंगाल लान्सर्सचे वीसेक हिंदी घोडेस्वार तिथे धाडावे लागले.

२६ मे १९०८ ला मशिद-ए-सुलेमानला तेल लागलं आणि आता रिफायनरीला किनाऱ्याजवळ जागा हवी. ती जागा अबादान बेटावर, आणि तिथला खरा धनी मोहम्मराचा (आजचं खोर्रमशहर) शेख खजल. कागदोपत्री तो शहाचा माणूस, पण गावात विचारलं तर राजा तोच. जुलै १९०९ मध्ये करार झाला, वर्षाला ६५० पौंड भाडं, दहा वर्षांचं एकदम आगाऊ, आणि वर १०,००० पौंड कर्ज. म्हणजे भाड्याचे साडेसहा हजार आणि त्याच्या दीडपट कर्ज, आता सांगा शेखला भाड्यात इंटरेस्ट होता की उचलीत?

इथेच चौथी गोष्ट येते, की टेबलाच्या पलीकडे नक्की कोण बसलंय. खजलशी बोलणी कंपनीच्या मॅनेजरने नाही केली, ती केली पर्सी कॉक्सने, बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट, हिंदुस्थान सरकारचा अधिकारी. भाडेकरूच्या वतीने फौजदारच घर बघायला आला तर घरमालक काय भाव लावणार! पण उलट बाजूही आहे, खजलला तेच हवं होतं. त्याला भीती तेहरानची होती आणि पैशाबरोबर त्याला इंग्रजांचा शब्द पाहिजे होता की उद्या शहाने आमच्यावर हात टाकला तर तुम्ही मधे पडाल. असा शब्द पत्रांतून मिळाला, १९१० मध्ये वर एक किताबही मिळाला. म्हणून भाड्याच्या करारासोबतची पत्रं वाचल्याशिवाय भाडं कमी होतं की जास्त ते ठरवता येत नाही, किमतीचा अर्धा भाग त्या पत्रांत असतो. कतारचंही तसंच, मे १९३५ च्या सहीवर चार लाख रुपये आणि शेजारीच ब्रिटिश संरक्षणाची हमी.

तो शब्द किती टिकला हेही बघायचं, पण ते करारात सापडत नाही, त्यासाठी पंधरा वर्षं पुढच्या फायली उघडाव्या लागतात. रझा खान (पुढे शहा झाला तो) तेहरानमध्ये जोरात आला, १९२५ मध्ये खजलला पकडून राजधानीत नेला, इंग्रज काही मधे पडले नाहीत, १९३६ मध्ये तो तिथे नजरकैदेतच गेला. रिफायनरी मात्र जागच्या जागी.

बाकी मुदत, करमाफी, लवादाची कलमं एकदा डोळ्याखालून घालायची, सगळीकडे जवळपास सारखीच असतात. बोली लावणारे खरंच दोन होते का एवढं तपासा, कुवेतमध्ये अँग्लो-पर्शियन आणि गल्फ नावाची अमेरिकन कंपनी आधी भांडत होत्या, मग १९३४ च्या सुरुवातीला निम्मी-निम्मी भागीदारी केली आणि शेखच्या समोर एकच गिऱ्हाईक उरलं.

कागद कुठे मिळतात तर कतार डिजिटल लायब्ररीवर बुशहर रेसिडेन्सीच्या फायली फुकट आहेत, स्कॅन केलेल्या. शोधताना नावं जुनी टाका, खोर्रमशहर टाकलंत तर फार काही येणार नाही, मोहम्मरा टाका, आणि स्पेलिंग तीनचार तऱ्हेने बदलून बघा कारण प्रत्येक साहेबाने वेगळं लिहिलंय. आणि फाईल उघडली की टाईप केलेल्या करारावर जाण्याआधी समासातल्या हाताने लिहिलेल्या नोंदी वाचा.