ज्यू विचारात पीएचडी करायचीय? अर्ज नंतर, हिब्रू आधी

फिलॉसॉफीत एमए झालेली पोरं विचारतात सर, ज्यू थॉटमधे करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी भाषा. ज्ञानेश्वरीवर थिसिस लिहायचाय पण मराठी येत नाही, असं कुणी म्हटलं तर आपण हसू ना, तसंच आहे हे.

हिब्रूला घाबरू नका, बहुतेक शब्द तीन अक्षरी धातूंपासून बनतात, शाळेत संस्कृतचे धातू घोकले असतील तर पटकन बसतं. खरी परीक्षा पुढे. तालमुदचं, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या वादचर्चांच्या मोठ्या ग्रंथाचं, पान उघडा, मधे मूळ मजकूर, तोही बराचसा आरमाइक या हिब्रूच्या बहीणभाषेत, एका बाजूला राशी नावाच्या मध्ययुगीन रब्बींची (धर्मपंडितांची) टीका, दुसऱ्या बाजूला तोसाफोत ही त्यांच्यानंतरच्या पंडितांची टीका, आणि या दोन्ही टीका छापतात वेगळ्याच वळणाच्या अक्षरात, म्हणजे बालबोध शिकलेल्याच्या हातात मोडीचा कागद. (राशी ११०५ साली गेले, त्यांनी ही लिपी कधी वापरलीच नाही, नंतरच्या छापखानेवाल्यांची करामत.) सेफारिया या वेबसाइटवर मूळ आणि इंग्रजी शेजारी शेजारी फुकट मिळतं, रोज दहा ओळी, शक्यतो जोडीदाराबरोबर मोठ्याने वाचून भांडत भांडत, याला हाव्रुता म्हणतात.

मग काळ निवडा कारण दुसरी भाषा त्यावर ठरते. मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीसचा मुख्य तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीत आहे, लिपी हिब्रू. कोहेन, रोझेन्झ्वाइग, बूबर हे आधुनिक विचारवंत हवे तर जर्मन. मी बूबर आधी इंग्रजीत वाचला, त्यातलं 'दाउ' (Thou, 'तू'साठीचं जुनं इंग्रजी) वाचून वाटलं काहीतरी भारदस्त प्रार्थनेतलं असेल, जर्मन शिकल्यावर कळलं की १९२३ च्या त्या पुस्तकातलं 'डू' म्हणजे साधं घरातलं 'तू', आपण विठ्ठलाला म्हणतो तसं. पहिला पेपर त्या गैरसमजावर लिहिला होता, अर्थातच रिजेक्ट.

आंतरधर्मीय संवादात काम करायचं असेल तर 'सगळे धर्म एकच' हे भाषण घरी ठेवून या. कॅथलिक चर्चची इतर धर्मांबद्दलची, खास करून ज्यूंबद्दलची, भूमिका बदलणाऱ्या १९६५ च्या व्हॅटिकनच्या नोस्त्रा एताते जाहीरनाम्याआधी ज्यू विचारवंत हेशेल चर्चचे कार्डिनल बेआंशी बोलत होते, आणि त्याच सुमारास, १९६४ मधे, रब्बी सोलोवेचिक लिहीत होते की समाजाच्या प्रश्नांवर एकत्र या पण श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाटी नकोत. दोघंही वाचा.

नोकऱ्या कमीच आहेत, त्यामुळे 'धर्मांची ओळख' छाप कोर्स शिकवायची तयारी ठेवा, बऱ्याचदा पद त्यावरच मिळतं.

आणि विषय सुचत नसेल तर आपल्याकडेच बघा की, पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हग्गादा (पेसाख सणाच्या रात्री वाचायची पोथी) छापलीय, बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, मराठी कीर्तनं आहेत, आणि ही वाचायला हिब्रूइतकंच चांगलं मराठी लागतं.