दुसरा कॅमेरा कुणाकडे होता? युद्धकाळातल्या फोटोंवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

गोव्यातून या कामाकडे वळणारे बहुधा इतिहासाकडून येतात, नाहीतर फोटोग्राफीतून. पहिल्यांना निगेटिव्ह धरता येत नाही, दुसऱ्यांना कागद वाचायचा कंटाळा. इथं दोन्ही लागतं, आणि कागदापासून सुरुवात केलेली बरी.

ब्रिटिश सैन्याचं ‘आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट’ दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली उभं राहिलं. प्रशिक्षण लंडनजवळच्या पाइनवूड या सिनेमाच्या स्टुडिओत. त्यातले सार्जंट बहुधा जोडीनं फिरत: एकाकडे फोटोचा कॅमेरा, दुसऱ्याकडे चलचित्राचा. त्यामुळे प्रिंट हाती आली की आधी जोडीदार शोधायचा. प्रत्येक रोलसोबत ‘डोप शीट’ जायची. तारीख, ठिकाण, तुकडी, दृश्याचं वर्णन त्यावर असे. दोघांच्या शीट शेजारी ठेवा. जागा एक आणि तारीख वेगळी असेल, तर काहीतरी चुकलंय. ३५ मिमीची १०० फूट फिल्म जेमतेम ६६ सेकंद चालते, म्हणून चलचित्रवाला नेमकं निवडूनच घेई. फोटोवाल्याच्या ६ बाय ६ सेमीच्या सुपर आयकोंटा कॅमेऱ्यात १२० च्या रोलवर मॉडेलप्रमाणे ११ किंवा १२ चित्रं यायची. निगेटिव्हच्या पट्टीत तेवढी नसतील तर उरलेली कुठं गेली, ते विचारा.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या क्रमांकांतली अक्षरं पाठ करून टाका: ‘एसई’ म्हणजे आग्नेय आशिया, ‘आयएनडी’ भारत. मराठा लाइट इन्फन्ट्रीची इटलीतली लढाई ‘एनए’मध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या मालिकेत शोधा.

जोडीदार का महत्त्वाचा, ते जपानच्या इवो जिमा बेटावर बघा. २३ फेब्रुवारी १९४५. तिथल्या सुरिबाची डोंगरावर अमेरिकेचा पहिला झेंडा लागला, तो मरीन फोटोग्राफर लू लोअरीनं टिपला. खाली उतरताना त्याला असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेचा फोटोग्राफर जो रोझेंथल वर येताना भेटला. रोझेंथलसोबत मरीन दलाचे चलचित्रवाला बिल जेनॉस्ट आणि फोटोवाला बॉब कॅम्पबेल होते. दुसरा झेंडा उभा राहताना रोझेंथलनं फोटो घेतला आणि त्याच्या अगदी बाजूला उभ्या जेनॉस्टनं १६ मिमी रंगीत फिल्म. कॅम्पबेलनं तेव्हाच पहिला झेंडा उतरताना टिपला. नंतर रोझेंथलनं सैनिकांना उभं करून एक गटचित्रही घेतलं. ‘फोटो मांडून घेतला का?’ असं विचारल्यावर तो गटचित्राबद्दल ‘हो’ म्हणाला, आणि आरोप झेंड्याच्या फोटोला चिकटला. जेनॉस्टच्या फिल्मनं तो खोडून निघतो. जेनॉस्ट मात्र ४ मार्चला गुहेत मारला गेला.

मैत्री डोप शीटवर सापडत नाही. ती म्युझियमकडच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींत सापडते, आणि एकानं दुसऱ्याच्या काढलेल्या फोटोंत. अशा फ्रेमला कॅटलॉगमध्ये ‘किरकोळ’ म्हणून टाकण्याची खोड वाईट. दोघं त्या दिवशी एकत्र होते, याचा तोच पुरावा असतो. मुलाखतीतली नाती घ्या, तारखा कागदावरून घ्या. चाळीस वर्षांनी सांगितलेल्या तारखा घसरतात.

तारखांचा हाच नियम आपल्या घरच्या अल्बमलाही लावा. गोवामुक्तीच्या फोटोमागे नुसतं ‘१९ डिसेंबर’ दिसलं तर थांबा: कारवाई १८ डिसेंबर १९६१ ला सुरू झाली आणि ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही युद्धनौका मुरगाव बंदरात त्याच दिवशी निकामी झाली.

आता हाताचं काम. पावसाळ्यात निगेटिव्हवरच्या जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते. ओल्या कापसानं पुसू नका. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. सिलिका जेल घालून बंद डब्यात आधी सुकवा, आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवा. त्याखाली फिल्म ठिसूळ होते. एसीच्या खोलीतून काढलेला डबा लगेच उघडलात तर निगेटिव्हवर दव धरेल, म्हणून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या. व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजतेय. ती पट्टी बाकीच्यांपासून वेगळी करा. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल तर ती नायट्रेटची फिल्म असण्याची शक्यता धरून चाला. ती भडकून पेटते, घरी ठेवायची नाही, स्कॅनरवर तर मुळीच नाही.

६ बाय ६ सेमी निगेटिव्ह ३२०० पीपीआयला (दर इंचाला ३२०० पिक्सेल), १६ बिट ग्रेस्केल टिफमध्ये घ्या; बाजू साधारण ७,००० पिक्सेल येते. चकचकीत बाजू थेट काचेला टेकली की इंद्रधनुषी वलयं उमटतात, म्हणून होल्डर वापरा. प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करायची: सेन्सॉरचा शिक्का, पेन्सिलीतला क्रमांक तिथंच असतो. फाइलला नाव देताना फोटो घेणाऱ्यासोबत जोडीदारासाठीही रकाना ठेवा, सध्या रिकामा का असेना.