छोटी इलेक्ट्रिक कार घेण्यापूर्वी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तयारीची यादी

शोरूमची वेळ ठरवण्याआधी आपल्या इमारतीच्या मीटर रूममध्ये जाऊन यावे. आपला मीटर कोणता, त्यापासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल कोणत्या भिंतीने येईल आणि ते अंतर किती, हे टेपने मोजून लिहून ठेवावे, कारण चार्जिंग पॉइंटचा खर्च मुख्यतः या अंतरावर ठरतो. गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालत असला, तरी तो कित्येक तास सलग जवळजवळ पूर्ण भार ओढतो. वायर बारीक असेल तर सॉकेट तापतो आणि अर्थिंग सदोष असेल तर चार्जर बहुधा चार्जिंग सुरूच करत नाही. म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) व आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवावेत आणि महावितरणच्या बिलावरील मंजूर भार पुरेसा आहे का, तेही पाहावे. पावसात पाणी शिरणारे तळघर असेल तर सॉकेट पाण्याच्या पातळीपेक्षा बराच वर घ्यावा. पार्किंग यांत्रिक स्टॅकमधले, म्हणजे गाड्या उचलून एकावर एक ठेवणारे असेल, तर आधी सोसायटीत जागेची अदलाबदल होते का ते पाहावे आणि मगच गाडीचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

सोसायटीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते, हा मुद्दा अर्जात लिहावा. केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा जोडला तर समितीच्या बऱ्याच शंका तिथेच मिटतात.

त्यानंतर वापराचा हिशेब मांडावा. घोडबंदर रोडवरून वाशीला नोकरीसाठी जाणाऱ्याचे रोजचे 60 किलोमीटर धरले आणि छोटी गाडी एका युनिटला 8 किलोमीटर चालते असे मानले, तर चार्जिंगमधली घट धरून दिवसाला साधारण साडेआठ युनिट लागतात. साध्या सॉकेटवर तीन तासांत एवढे चार्जिंग होते, त्यामुळे रोजच्या फेरीसाठी फास्ट चार्जर जवळ असण्यापेक्षा रात्री हक्काचा सॉकेट असणे महत्त्वाचे. महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांना दोनशेहून थोडे अधिक युनिट होतात. घराचा वापर आधीच 200 युनिट असेल, तर एकूण आकडा 300 च्या वरच्या, महाग टप्प्यात जातो. म्हणून प्रति किलोमीटर खर्च सरासरी दराने न काढता त्या वरच्या दराने काढावा. पेट्रोलशी तुलना केल्यावर तरीही बचत दिसते, पण जाहिरातीतल्याइतकी नाही.

एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये कापल्या जाणाऱ्या अंतराचा, आकडा प्रमाणित चाचणीतला असतो; म्हणून तो न धरता बॅटरीची क्षमता पाहावी. टाटाच्या टियागो ईव्हीची बॅटरी 19.2 किंवा 24, तर एमजीच्या कॉमेटची 17.3 किलोवॅट-तासांची, म्हणजे तितक्याच युनिटची आहे. वरचाच हिशेब लावला तर कोणती गाडी किती दिवसांआड चार्ज करावी लागेल, ते स्वतःच काढता येते.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर संपवू नये. घरची सगळी माणसे बसवून, एसी लावून गायमुखची चढण चढावी, आपल्या पोडियमच्या (इमारतीच्या उंचावरच्या पार्किंगच्या) उताराच्या तोंडाशी गाडीचे पोट घासते का पाहावे, आणि माजिवड्याच्या रांगेत अर्धा तास उभे राहून टक्केवारी किती उतरते याची नोंद करावी. पार्किंगमध्ये गाडी लावून चार्जिंगचे तोंड कोणत्या बाजूला येते तेही तपासावे: कॉमेटचे पुढे नाकावर आहे, टियागोचे मागच्या बाजूला, आणि खांबामागच्या सॉकेटपर्यंत केबल पुरली नाही तर रोज गाडी उलटी लावावी लागते. स्टेपनी आहे की फक्त पंक्चर किट, हेही विचारावे. टचस्क्रीन, रंग आणि आवाजाने चालणारी बटणे शेवटी पाहिली तरी चालतात.

टोलमाफीचा हिशेब जपून करावा. ऐरोली व वाशी नाक्यांवर ऑक्टोबर 2024 पासून सर्वच हलक्या वाहनांना माफी असल्याने ती बचत इलेक्ट्रिक गाडीच्या खात्यात धरता येत नाही; अटल सेतूवर मात्र राज्याच्या 2025 च्या धोरणाने खास इलेक्ट्रिक गाड्यांना सूट दिली आहे. बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनेत किंमत कमी दिसते, पण दर किलोमीटरचे भाडे, महिन्याची किमान आकारणी आणि गाडी विकताना बॅटरीचे काय, या तिन्हींची उत्तरे विक्रेत्याकडून लेखी घेऊनच बुकिंगची रक्कम भरावी.