निवेदन नंतर, आधी पाळीच्या वेळेची मोजणी

गेल्या खेपेला नाशिकमध्ये सायकलींसाठी रस्त्यात जागा मागायचं निवेदन द्यायला गेलो, तेव्हा आम्ही सगळं नेलं होतं. सह्या, रंगीत फोटो, नकाशा, वर प्लॅस्टिकचं कव्हर. समोरच्या अभियंत्यांनी पानं चाळली आणि एकच विचारलं, "कामाच्या दिवशी, पाळीच्या वेळेला इथून किती सायकली जातात?" आमच्याकडे आकडा होता रविवार सकाळचा. त्यात निम्मी आमचीच मंडळी, हेल्मेट घालून गंगापूर धरणाकडे निघालेली. प्रश्न रास्त होता, उत्तर आमच्याकडे नव्हतं. पुढे तो रस्ता झाला आणि सायकलीच्या वाट्याला त्यात काही आलं नाही. ती चूक अजून टोचते. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर रस्त्यांची कामं निघत असताना जे कुणी आपल्या भागासाठी निवेदन द्यायला निघाले असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निवेदन मराठीत, एका पानात. सह्यांपुढे पत्ते. आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला.

रस्ता कुणाचा, हे मात्र आधी शोधा. मुंबई-आग्रा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, वस्तीतले रस्ते महापालिकेकडे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चुकीच्या टेबलावर दिलेला कागद फिरत राहतो आणि तोवर इकडे डांबर पडून जातं. शंका असेल तर माहिती अधिकारात विचारा: अर्जाला दहा रुपये, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. कामाचं अंदाजपत्रक आणि रस्त्याचा छेदही मागून घ्या, म्हणजे फूटपाथला किती, गटाराला किती आणि गाड्यांना किती जागा धरली आहे ते कागदावरच दिसतं. महिना जातो, म्हणून हा अर्ज सगळ्यात पहिला.

आता मोजणी. कामाच्या दिवशी. रविवारी नाही, सणाच्या दिवशी नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याची सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका. गेटवर जाऊन वॉचमनला विचारा: सुट्टी कोणत्या वारी, पहिली पाळी किती वाजता भरते, किती वाजता सुटते. सातची पाळी असेल तर सायकली सहाच्या जरा आधीपासून सातपर्यंत निघून जातात. तुम्ही चहा-नाश्ता आटपून साडेआठला पोहोचलात तर रस्त्यावर सायकल दिसणारच नाही, आणि मग तुम्हीही म्हणाल की हल्ली सायकल चालवतं कोण!

यंदा डिसेंबरात आम्ही दोघी सातपूरच्या वाटेवर पपया नर्सरीजवळ उभ्या राहिलो. साडेसहापर्यंत अंधारच. मोटारसायकलींचे दिवे येत, त्यांच्या मधे काहीतरी काळं हले, आणि अगदी जवळ आल्यावर कळे की ही सायकल आहे. कानटोपी, हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी, मागच्या मडगार्डवर रिफ्लेक्टर फुटून नुसता स्क्रू उरलेला. एक काका पाय टेकवून थांबले. "ताई, काय लिहून घेताय?" सांगितलं. म्हणाले, "मग माझी दोनदा लिहा. संध्याकाळी परत पण येतो ना मी."

त्यांचं अगदी बरोबर होतं. पाळी सुटतानाची मोजणीही तेवढीच महत्त्वाची, कारण परतताना माणूस दमलेला असतो आणि वाहतूक दुप्पट असते. एक जण जाणाऱ्या सायकली मोजेल, दुसरं येणाऱ्या. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पुरुष, बायका, शाळा-क्लासची मुलं, आणि दूध-पेपर किंवा इतर ओझं घेऊन जाणारे, असे वेगळे लिहा. बायकांचा रकाना गाळू नका. रस्त्याची भीती वाटते की नाही, हे त्या रकान्यावरून सगळ्यात आधी कळतं. उलट्या बाजूने येणारा सायकलवाला दिसला तर त्याच्यावर ओरडू नका, जागा टिपून घ्या. दुभाजक लांबवर कुठे उघडतच नसेल तर तेवढा वळसा पायांच्या जोरावर कोण घालेल? ओलांडायची वाट तिथेच हवी, हे तो माणूस दाखवून देतो आहे.

किमान तीन दिवस मोजा, त्यातला एक पावसाळ्यातला. शाई फिसकटते, पेन्सिल न्या. अंगावर रेडियम पट्टी हवी. एकटं कुणी उभं राहू नका, बायकांनी तर नाहीच. आणि पुन्हा सांगते: कामाचा दिवस, पाळीची वेळ. बाकी सगळं राहिलं तरी नंतर जोडता येतं, हा आकडा नंतर जोडता येत नाही.

मागणी काय करायची? "सायकल ट्रॅक हवा" एवढंच लिहिलंत तर कागद बाजूला पडतो. जागा दाखवून मागा. उदाहरणार्थ, रस्त्यातल्या गटाराच्या चेंबरची जाळी घ्या. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने लांब असतील तर सायकलचं चाक फटीत बसतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्याच पट्ट्या आडव्या बसवल्या की धोका संपला. जाळीवर चाक ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. असे दोन-तीन फोटो पानभर मजकुरापेक्षा लवकर कळतात. ट्रॅकच मागायचा असेल तर आधी अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा सायकल ट्रॅक असलेला १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड सायकलने जाऊन या. सातपूरला पाळीवर जाणाऱ्याची वाट त्याच्या कितीतरी पुढे जाते, म्हणून ट्रॅक संपतो तिथला चौक तो कसा ओलांडणार, हे निवेदनात लिहा. ट्रॅकच्या तोंडाशी गाड्या अडवायला खांब लावायचे असतील तर मधलं अंतर किती हेही लिहा, नाहीतर अपंगांची तीनचाकी बाहेरच राहते. हातगाडीवाल्यांशी भांडण काढू नका, त्यांच्यासाठी जागा कुठे देता येईल तेही सुचवा. त्यांच्यातले कितीतरी सायकलवरच येतात.

एक परिच्छेद काढून टाका, आमच्या निवेदनात तो पहिलाच होता. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण तिथून सुरुवात केली की वाचणाऱ्याला मागणी खेळाची वाटते, आणि खेळासाठी एखाद्या उद्यानाभोवती गोल ट्रॅक सुचवला जातो. आपल्याला रोजच्या भाकरीचा रस्ता हवा आहे. पहिली ओळ मोजणीची असू द्या: अमुक वार, अमुक तास, इतक्या सायकली.

बैठकीला रोज सायकल चालवणारा एक तरी कामगार सोबत हवा. सकाळी अकराची वेळ दिली तर त्याचा रोज बुडतो. दुसऱ्या पाळीचा माणूस शोधा, किंवा आधीच त्याच्या हातचं पत्र घ्या. एक प्रत वाहतूक पोलिसांना. अधिकाऱ्यांना जागेवर बोलवा, पाळीच्या वेळेलाच.

मग दर पंधरा दिवसांनी विचारणा. निविदा निघण्याआधी, नंतर नाही. काम सुरू झालं की जाळ्या बसवतानाच बघा. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर आलं नाही तर अपील.

काम झाल्यावर सहा महिन्यांनी परत मोजा, तीच जागा, तोच वार, तोच तास, तोच कागद. गजर पावणेसहाचा नको, सव्वापाचचा लावा. थंडीत निघायला वेळ लागतो आणि पहिल्या सायकली सहाच्या आतच येतात.