सेकंडहँड राजदूत ३५०: दोन कार्ब, दोन तऱ्हा
रत्नागिरीत जुनी राजदूत ३५० मोटरसायकल घेतलीत आणि दोन सिलेंडरवर दोन वेगळेच कार्ब (पेट्रोल-हवा मिसळणारे कार्बुरेटर) निघाले, तर आधी तो हौसेचा फाटका सायलेन्सर काढून ओरिजिनल सायलेन्सरची जोडी बसवा, नाहीतर ट्युनिंग कशावर करणार? मग दोन्ही कार्ब उघडून मेन जेट, पायलट जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) आणि नीडल (पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) यांचे नंबर जुळवा, खाऱ्या हवेनं पितळेवर हिरवं चढतं ते कार्ब क्लीनरनं धुवा, तार घालून भोक मोठं करू नका हां! एक्सलेटर पिळला की दोन्ही कार्बच्या स्लाइड (हवेची वाट उघडणारे सरकते तुकडे) एकदमच उचलल्या पाहिजेत, केबल तशी सेट करा. कार्ब आणि इंजिन जोडणाऱ्या इनटेक रबरला चीर असेल तर बदलाच. मग जवळच्या हातखंब्यापर्यंत जाऊन स्पार्क प्लग काढून त्याचं टोक बघा, कॉफी रंग म्हणजे बरोबर, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, जेट मोठा टाका नाहीतर पिस्टन जाम, आणि तोवर आंबा घाटाचं नाव काढू नका.