फूटरेस्ट मागे घेतल्यावर पहिला-दुसरा गिअर अडकत होता: माझा अनुभव

लक्षण: घरी बांधलेल्या बाइकचे फूटरेस्ट मागे सरकवून पायाचा लिव्हर गिअर शाफ्टला रॉडने जोडला. पहिल्यातून दुसरा टाकताना न्यूट्रल लागायचा आणि लिव्हर आपोआप जागेवर येत नसे.

क्लच केबल जुळवली, ऑइल बदललं, रॉडची लांबी कमीजास्त केली; फरक शून्य. दोन रविवार पाण्यात.

दोष दोन होते. लिव्हर बोल्टच्या आट्यांवरच फिरत होता, त्यामुळे टोकाला बोटभर ढिलाई. आणि रॉड शाफ्टवरच्या आर्मला (बाहेर आलेल्या पट्टीला) तिरका लागत असल्याने पायाची निम्मी हालचाल वाया जात होती.

आधी पिव्हट, म्हणजे लिव्हर ज्यावर फिरतो ती जागा. अंबडच्या लेथवर १२ मिमीची ईएन-८ पोलादाची पिन आणि तिच्याभोवती बसणारी गनमेटलची (तांब्याच्या मिश्रधातूची) नळी, म्हणजे बुश, करून घेतला. बुश दाबून बसवल्यावरच रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) फिरवा. दाबताना भोक आवळतं. ग्रीसचं भोक विसरू नका.

मग जुन्या लिव्हरचा स्प्लाइनचा (शाफ्टच्या दात्यांवर बसणारा) तुकडा कापून त्याला ६ मिमी पट्टीचा आर्म वेल्ड केला. वेल्डिंग गाडीवर नको, शाफ्टचं ऑइल सील जळतं. शाफ्टवरचा आणि लिव्हरवरचा असे दोन्ही आर्म भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४५ मिमी, आणि पिव्हटपासून पायाच्या खुंटीपर्यंतचं अंतर मूळ लिव्हरइतकंच. दोन्ही आर्म एकाच दिशेला ठेवा, नाहीतर गिअर उलटे पडतात.

शेवटी रॉड: एका टोकाला उजव्या, दुसऱ्याला डाव्या आट्यांचा एम-६ रोज जॉइंट (सगळीकडे वळणारा बॉलचा सांधा). लिव्हर मोकळा असताना रॉड फिरवून दोन्हीकडे गुण्या लावून ९० अंश जुळवले, मग चेकनट (रॉड पुन्हा फिरू नये म्हणून लावायचे नट) आवळले.